एकट्याने नदीचे छायाचित्र काढायला जाताना : वाचकांचे प्रश्न

पावसाळा सरून पाणी निवळले की नद्यांच्या काठी कॅमेरा घेऊन एकट्याने हिंडणाऱ्यांची संख्या वाढते आणि त्यासोबत आमच्याकडे येणारी पत्रेही वाढतात. या अंकात त्यांतील काही निवडक प्रश्न घेतले आहेत. पत्रे जागेअभावी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : दिवाळीनंतरच्या एका सकाळी मी कोकणातल्या एका नदीच्या पात्रात, काठापासून थोड्या अंतरावरच्या खडकावर ट्रायपॉड लावून धुके टिपत होतो. आकाश निरभ्र होते, कित्येक दिवसांत पाऊस झालेला नव्हता आणि खडकापर्यंत मी घोट्याएवढ्या पाण्यातून चालत गेलो होतो. तासाभराने मागे वळून पाहिले तेव्हा तेच पाणी मांडीपर्यंत आले होते. मी कसाबसा काठाला लागलो, पण ट्रायपॉड आणि लेन्सची पिशवी वाहून गेली. पाऊस नसताना पाणी चढले कसे आणि मी काय करायला हवे होते? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : आपण नदीचे नाव दिलेले नाही, परंतु वर्णनावरून वरच्या अंगाला धरण किंवा वीजकेंद्र असावे असे दिसते. केवळ पावसावर चढउतार होणाऱ्या मोठ्या नद्या सह्याद्रीत आता फार थोड्या उरल्या आहेत. कुंडलिकेचेच उदाहरण घ्या. घाटमाथ्यावर मुळा नदीवर मुळशीचे धरण आहे (१९२१ साली सेनापती बापट ज्याच्याविरुद्धच्या सत्याग्रहात उतरले, तेच हे धरण). त्याचे पाणी डोंगराच्या पश्चिमेला भिऱ्याच्या वीजकेंद्रावर उतरवले जाते आणि जनित्रे फिरवून झाल्यावर ते कुंडलिकेच्या पात्रात येते. म्हणूनच ती भर उन्हाळ्यातही वाहती असते आणि कोलाडचे राफ्टिंग या सोडलेल्या पाण्यावर, मुख्यतः सकाळच्या वेळी, चालते. धुक्याची आणि कोवळ्या उन्हाची जी वेळ छायाचित्रकाराला हवी असते, तीच इथे पाणी वाढण्याचीही वेळ असते. घाटाच्या पूर्वेला वीजकेंद्रांऐवजी शेतीची आवर्तने (सिंचनासाठी धरणातून पाळीपाळीने सोडलेले पाणी) हेच काम करतात. निघोजच्या रांजणखळग्यांचे (प्रवाहाने खडकात कोरलेल्या खड्ड्यांचे) छायाचित्र काढायला जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे की कुकडीवर वरच्या बाजूला येडगावचे धरण आहे, आणि पाणी थोडे जरी वाढले तरी ते खळगे झाकले जाऊन पाय नेमका कुठे पडेल हे कळेनासे होते.

धरण नसलेल्या ओढ्यांचीही खात्री धरता येत नाही, कारण पाऊस आपल्या डोक्यावर पडावा लागत नाही, तो घाटमाथ्यावर पडला तरी पुरतो. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात लोंढा अचानक वाढला आणि प्रवाहाच्या मध्यावर उभे असलेले एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. ते अनेक माणसांच्या देखत गेले. एकट्या माणसाच्या बाबतीत तर पाणी वाढते आहे हे ओरडून सांगणारेही कोणी नसते, आणि माझ्या मते छायाचित्रकाराचा खरा धोका इथे आहे. पायी चालणारा सतत आजूबाजूला पाहत असतो, छायाचित्रकार मात्र तासन्‌तास एका चौकटीत पाहतो. पाणी रेशमासारखे दिसावे म्हणून काळा फिल्टर लावून मिनिट-मिनिटाचे एक्स्पोजर देणारा तर त्या काळात फक्त घड्याळाकडे पाहत उभा असतो.

म्हणून पात्रात उतरण्यापूर्वी काठावरच्या गावात विचारावे. पाणी कधी सोडतात हे धुणे धुवायला येणाऱ्या बायकांना आणि मासे धरणाऱ्यांना चोख ठाऊक असते. पाणी सोडण्याचा भोंगा वाजेल तेव्हा निघू, या भरवशावर राहू नये, कारण पाण्याच्या खळखळाटात तो ऐकू येईलच असे नाही. खडकावर पोचल्यावर काठालगतचा एखादा अर्धा बुडालेला दगड हेरून ठेवावा आणि मोबाइलवर दर पाच मिनिटांचा गजर लावून तो दगड पाहावा. निवळशंख पाणी गढूळ होणे, पाचोळा आणि फेस वाहत येणे, आवाजाचा सूर खाली जाणे, यांपैकी एकही खूण दिसली की चालू असलेले एक्स्पोजर पूर्ण होण्याची वाट न पाहता निघावे. कॅमेऱ्यावर पोलरायझर (चमक कमी करणारा फिल्टर) असेल तर पाण्यात पाय टाकण्याआधी त्यातून पाहून तो फिरवावा. पृष्ठभागावरची चमक गेली की तळातले दगड आणि खळगे दिसू लागतात.

पाणी चढलेच, तर पहिला निर्णय ओलांडायचे की थांबायचे हा असतो. खडकाच्या माथ्यावर वाळलेले गवत किंवा पांढरट दगडफूल असेल तर रोजच्या चढउतारात पाणी तिथवर येत नाही असे समजायला हरकत नाही. अशा ठिकाणी मुकाट्याने बसून राहावे आणि ११२ या आपत्कालीन क्रमांकाला कळवावे. आवर्तनाचे पाणी एका पातळीला येऊन थांबते, मात्र पावसाच्या लोंढ्याला हा नियम लावू नये. ओलांडायचेच असेल तर बूट काढू नयेत, सॅकचे छातीवरचे आणि कमरेचे पट्टे सोडून ठेवावेत, तोंड प्रवाहाकडे करून ट्रायपॉड काठीसारखा पुढे रोवावा आणि एका वेळी एकच पाय उचलत तिरपे काठाकडे सरकावे. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा धक्का चौपट होतो, त्यामुळे जाताना जमले ते येताना जमेल हा हिशेब चुकतो. तोल गेलाच तर उभे राहण्याची धडपड न करता उताणे व्हावे आणि पाय पुढे, प्रवाहाच्या दिशेला ठेवावेत. दगडांच्या फटीत पाय अडकणे हे वाहत जाण्यापेक्षा घातक असते. आपली पिशवी गेली याचे वाईट वाटणे साहजिक आहे, पण ती सोडून दिली म्हणूनच आपण काठाला लागलात, हेही खरे.

प्रश्न : वाईजवळच्या कमळगडावरून धोम जलाशयाचा सूर्यास्त टिपण्यासाठी मी डिसेंबरात एकटा गेलो होतो. सूर्य मावळल्यानंतरचे रंग अप्रतिम होते, त्यामुळे निघायला उशीर झाला. उतरताना अंधारात वाळलेल्या गवतावरून घसरून घोटा मुरगळला, मोबाइलला रेंज नव्हती आणि दिवा म्हणून वापरल्याने त्याची बॅटरीही संपत आली होती. शेवटी गुरे शोधायला आलेल्या एका माणसाने गावात नेले. तो आला नसता तर काय करणे योग्य ठरले असते? (एक वाचक, पुणे)

उत्तर : डिसेंबरच्या सुरुवातीला आपल्याकडे सूर्य सहाच्या आसपास मावळतो आणि त्यानंतर वाट दिसण्याइतका उजेड जेमतेम वीस-बावीस मिनिटे राहतो. आकाशातले ते रंगही नेमके याच मिनिटांत खुलतात. त्यामुळे रंग संपेपर्यंत थांबणाऱ्याने आपण अंधारात उतरणार हे गृहीत धरूनच घरून निघायला हवे, आणि हा हिशेब जागेवर पोचल्यावर करून उपयोग नसतो. हेडटॉर्च आणि तिचे जादा सेल हे अशा वेळी लेन्सइतकेच आवश्यक सामान आहे. मोबाइल दिवा म्हणून वापरू नये, तो बोलण्यासाठी राखावा.

मला विचाराल तर एकट्या माणसाने डोंगरावरून नदीचे खोरे टिपायचे असेल तेव्हा सूर्यास्तापेक्षा सूर्योदय निवडावा. पहाटे अंधारात चढावे लागते हे खरे, पण चढताना घसरलेला माणूस बहुधा गुडघ्यावर येतो आणि उतरताना घसरलेला खाली जातो. शिवाय पहाटे काही चुकले तर पुढे अख्खा दिवस उजेडाचा असतो. जलाशयावरचे धुकेही हिवाळ्यात सकाळीच मिळते. सूर्यास्तच हवा असेल तर शिखराचा आग्रह सोडून, अवघड टप्पा उतरून झाल्यावर जिथून नदी दिसते अशी जागा दिवसाउजेडी हेरून ठेवावी. चित्र थोडे कमी भव्य येईल, एवढेच. वाळलेले गवत आणि त्याखालचा मुरूम यांवरून बूट कसे निसटतात हे आपण अनुभवलेच आहे. फेब्रुवारी-मार्चात वणव्याने जळलेल्या उतारांवर तर धरायला गवतही उरत नाही.

घोटा मुरगळल्यावर बूट लगेच काढू नये, कारण सूज आली की तो पुन्हा चढत नाही आणि बुटाचाच आधार मोठा असतो. त्यावरूनच क्रेप बँडेज घट्ट गुंडाळावे. त्या पायावर चार पावलेही टाकता येत नसतील तर हाड मोडल्याची शक्यता धरून चालावे आणि उतरण्याचा हट्ट सोडावा. पावले टाकता येत असतील तर ट्रायपॉडचे पाय मिटवून त्याची काठी करावी आणि माहीत असलेल्या वाटेनेच यावे. खाली गावाचे दिवे दिसतात म्हणून मधूनच सरळ उतरणारा माणूस कड्यावर जाऊन अडकतो. वाट सापडत नसेल तर थांबावे, अंगावर असेल ते सगळे घालावे, सॅकवर बसावे आणि सकाळ होऊ द्यावी. सह्याद्रीतली डिसेंबरची रात्र कंटाळवाणी आणि गारठ्याची असते, पण अंगावर कोरडे आणि पुरेसे कपडे असतील तर ती निभावते.

रेंजबद्दल एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. आपल्या कंपनीचे सिग्नल नसले तरी त्या जागी दुसऱ्या एखाद्या कंपनीचे असतील तर ११२ हा क्रमांक लागू शकतो, म्हणून ‘नो सर्व्हिस’ दिसले तरी प्रयत्न करावा. बोलणे होत नाही तिथेही साधा एसएमएस कधीकधी जातो. त्यात शेवटच्या गावाचे नाव, निघालेली वाट, दुखापत आणि बॅटरी किती उरली एवढे लिहावे. शिट्टी जवळ असेल तर मिनिटात सहा वेळा वाजवून एक मिनिट थांबावे आणि पुन्हा वाजवावे. हा डोंगरातला आंतरराष्ट्रीय संकेत आहे आणि लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या बचाव पथकांना तो कळतो. गावकऱ्यांना तो ठाऊक नसला तरी रात्री डोंगरातून थांबून थांबून शिट्टी आली की ते कान देतातच. अशा प्रसंगी सर्वांत आधी पोचतो तो गावातलाच माणूस, म्हणून चढण्यापूर्वी पायथ्याच्या घरी आपण वर चाललो आहोत आणि कधी परतणार, एवढे सांगून जाण्यात संकोच करू नये.

प्रश्न : माझा मुलगा एकोणीस वर्षांचा असून पहाटे एकटाच कृष्णाकाठी छायाचित्रे काढायला जातो. आमच्या भागात मगरी आहेत. त्याला थांबवावे का? (एक आई, सांगली जिल्हा)

उत्तर : आपली भीती अनाठायी नाही. औदुंबर-भिलवडीच्या पट्ट्यात मगरींचा वावर आहे आणि माणसांवर हल्लेही झालेले आहेत. तरीही त्याला थांबवावे असे मी सुचवणार नाही. थांबवलेली मुले न सांगता जातात, आणि तसे जाणे अधिक वाईट.

त्याला हे मात्र पटवून द्यावे की पाण्याच्या रेषेला टेकून, कॅमेरा जमिनीलगत ठेवून काढलेले चित्र कितीही सुंदर आले तरी मगरीच्या नदीवर ते काढायचे नसते. मगर पाण्यातून काठावर झेप घेते आणि त्याआधी ती बहुधा दिसत नाही. ओणवा झालेला किंवा उकिडवा बसलेला माणूस तिला लहान जनावरासारखा भासू शकतो. उंच काठावरून, पाण्यापासून चांगले अंतर राखून लांब पल्ल्याची लेन्स वापरावी, रोज एकाच जागी जाऊ नये आणि ट्रायपॉडचे चिखलाचे पाय नदीत न धुता घरी आणून धुवावेत. हिवाळ्यात ऊन वर आले की मगरी वाळूवर शेकत पडतात, तेव्हा त्या दूरवरून पाहता येतात आणि त्यांची चित्रेही चांगली मिळतात. उन्हाळ्याच्या तोंडाशी माद्या काठच्या मातीत अंडी घालतात आणि घरट्याची राखण करतात, म्हणून त्या दिवसांत वाळूच्या ओसाड पट्ट्यांवर चालू नये.

आपण स्वतः एक करावे. निघताना त्याने एका कागदावर जागा, जाण्याची वाट आणि परतीची वेळ लिहून स्वयंपाकघरात ठेवावी, आणि त्या वेळेनंतर किती वाट पाहायची व मग कोणाला फोन करायचा हे दोघांनी आधीच ठरवावे. दर अर्ध्या तासाला फोन करू नये. त्याने बॅटरी संपते, आणि काठावर तोल सांभाळून उभा असलेला मुलगा अचानक वाजलेल्या घंटीने दचकतो ते वेगळेच.

प्रश्न : उजनीच्या जलाशयाकाठी वाळलेल्या भेगाळ चिखलावरून पाण्याजवळ जाताना मी गुडघ्याच्या वरपर्यंत रुतलो. जमीन तर कोरडी दिसत होती. (एक वाचक, इंदापूर तालुका)

उत्तर : उजनीचे पाणी उतरू लागले की भिगवणच्या बाजूला रोहित पक्ष्यांसाठी आणि पळसदेवला पाण्याबाहेर येणाऱ्या पळसनाथाच्या देवळासाठी छायाचित्रकारांची रीघ लागते, आणि असे रुतण्याचे प्रकार तेव्हाच होतात. भीमेने वर्षानुवर्षे आणलेला गाळ उन्हाने फक्त वरून वाळतो. ती पापडी माणसाचे वजन पेलत नाही. गुरांच्या ताज्या खुरांच्या खुणा जिथे संपतात तिथेच आपणही थांबावे, कारण जनावराला ही जमीन आपल्यापेक्षा चांगली कळते.

रुतल्यावर पाय जोराने उपसला की दुसरा आणखी खोल जातो. मागे रेलून बसावे, सॅक पाठीखाली किंवा पोटाखाली घेऊन वजन पसरावे, पाय हळूहळू हलवत चिखलात पाणी आणि हवा शिरू द्यावी आणि सुटल्यावर आल्या वाटेनेच सरपटत मागे यावे. कपड्यांची चिंता करण्याची ही वेळ नसते. जाता जाता आणखी एक सावधगिरी सांगतो. भीमा, नीरा, गोदावरी यांच्या पात्रांत वाळूउपशाने पडलेले खड्डे पावसाळ्यानंतर पाण्याने भरलेले असतात. वर पाणी संथ असते, प्रतिबिंब फार छान पडते, आणि काठापासून दोन पावलांवर पुरुषभर खोली असू शकते.

प्रश्न : नदीकाठी दगडांवर बसताना विंचू-सापाची भीती वाटते. प्रथमोपचाराच्या पेटीत काय ठेवावे? (एक वाचिका, महाड)

उत्तर : आपल्याच गावातून डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन या औषधाचा उपचार जगापुढे मांडला आणि २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. परंतु ते औषध डॉक्टरांनी रुग्ण तपासून द्यायचे असते, पेटीत ठेवून स्वतः घ्यायचे नव्हे. पेटीत क्रेप बँडेज, जखम धुण्याचे औषध, चिकटपट्टी, मीठ-साखरेची पाकिटे आणि आपली नेहमीची औषधे पुरेत. आवळपट्टी, ब्लेड, विष शोषणारा पंप यांपैकी काहीही नको.

सापाचा दंश झाल्यास अंगठ्या-बांगड्या काढाव्यात, दंश झालेला अवयव शक्य तितका स्थिर ठेवावा आणि सर्पविषावरची लस असलेल्या जवळच्या रुग्णालयात जावे. तोंडाने चोखणे, कापणे, घट्ट बांधणे यांनी वेळ जातो आणि इजा वाढते. एकटे असताना पहिला फोन ११२ किंवा रुग्णवाहिकेच्या १०८ ला करावा. कोणी येण्याची शक्यताच नसेल तर न धावता, थांबत थांबत रस्त्याकडे चालावे. ओढ्याकाठच्या फांद्यांवर बसणारा हिरवा चापडा हा विषारी साप तर पानांत इतका बेमालूम मिसळतो की फ्रेममध्ये आडवी येणारी फांदी हाताने बाजूला सारण्याची सवय मोडलेलीच बरी. ती काठीने सारावी. बसण्यापूर्वी दगडही काठीनेच हलवून पाहावा.

कड्याला आग्या मोहोळ लटकलेले दिसले तर त्याच्या आसपास ड्रोन उडवू नये. माश्या उठल्याच तर तोंड झाकून लांब पळावे. पाण्यात उडी मारल्याने सुटका होत नाही, कारण डोके वर काढेपर्यंत त्या घोंघावत राहतात.

प्रश्न : कॅमेरा नदीत पडला. तांदळाच्या डब्यात ठेवला आहे. चालू करून पाहू का? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : चालू करू नका. बॅटरी ताबडतोब काढा, कार्ड काढा, लेन्स वेगळी करा आणि सगळी झाकणे उघडी ठेवा. तांदळातून बाहेर काढा, कारण त्याची भुकटी आणि कोंडा फटींत शिरतो आणि ओलावा मात्र फारसा शोषला जात नाही. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या भरपूर घालून त्यात काही दिवस ठेवा. उन्हात किंवा केस वाळवण्याच्या यंत्रापुढे धरू नका, त्या उष्णतेने चिकटवलेले भाग सुटतात. वासिष्ठी नदीत कॅमेरा वर, गोड्या पाण्यात पडला की खाली खाडीत, हे पत्रात लिहिलेले नाही. खारे पाणी असेल तर वाळवण्यात वेळ न घालवता तो त्याच दिवशी दुरुस्तीवाल्याकडे पोचला पाहिजे, कारण मिठाने सर्किट खायला फार काळ लागत नाही.

लेन्समध्ये धुके दिसत असेल तर तीही दाखवा. कोकणच्या दमट हवेत आत राहिलेल्या ओलाव्यावर बुरशी धरते आणि ती काचेचा लेप खाते. कार्डाची काळजी मात्र करू नका. ते मऊ कपड्याने पुसून, पूर्ण वाळल्यावर, कॅमेऱ्यात न घालता कार्ड रीडरने संगणकाला जोडा. त्यावरची छायाचित्रे बहुधा शाबूत निघतात.